किशोरीचे कागद गावात राहिले

किशोरीने कागद दोनदा दप्तरात घातले आणि दोनदा बाहेर काढले. दोन्ही वेळा काढले ते स्वतःच्या हाताने. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण नंतर अर्धा गाव म्हणत फिरला की बापानं, दत्तारामानं, पोरीचं वाटोळं केलं. किशोरी तसं एकदाही म्हणाली नाही. लोकांना काय, तोंडाला भाडं पडत नाही.

पोर दहावीत. खाजणगावच्या शाळेत पहिली येते, पण पहिली येणं म्हणजे तिथे बावीस पोरांत पहिली. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे खूळ टीव्हीवर बघून आलेलं नाही. सातवीत असताना त्यांची म्हैस अडली. कणकवलीकडचा डॉक्टर तीन तासांनी आला, त्याचा हात आत जाईना. त्याने गोठ्यात उभ्या माणसांकडे बघितलं आणि किशोरीला म्हणाला, "तुझा हात लहान आहे, साबण लाव." तिने कोपरापर्यंत हात घालून रेडकाचा मुडपलेला पाय सरळ केला. रेडकू जिवंत निघालं. त्या दिवसापासून घरात दुसरी भाषाच नाही.

पण डॉक्टर व्हायचं म्हणजे नीटची परीक्षा, आणि नीटचा क्लास म्हणजे कोल्हापूर नाहीतर पुणे. मुंबईचा काका फोनवर म्हणायचा, कॉम्प्युटरचा कोर्स कर, चिकटवतो कुठेतरी. आई, म्हणजे सुभद्रा, म्हणायची नर्सिंग बरं, मालवणातच होईल. बाबा म्हणायचे, "बगूया." दत्तारामाचं 'बगूया' म्हणजे नाही पण नसतं आणि होय पण नसतं.

मग शाळेतल्या सारिका बाईंनी एक फॉर्म आणला. पुण्याची एक संस्था. दहावीच्या पोरांची लेखी परीक्षा घेते, मुलाखत घेते, आणि जिल्ह्यातून चार पोरं उचलते. दहावी झाली की दोन वर्षं राहणं, जेवण, क्लास सगळं फुकट. परीक्षेला तीनशेच्या वर पोरं बसली. बारा जणांना मुलाखतीला बोलावलं. त्यात किशोरी. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, गुरुवारी, सकाळी दहाला. पत्रात जाड अक्षरात लिहिलं होतं: मूळ कागदपत्रं नसतील तर मुलाखत होणार नाही.

आणि त्याच आठवड्यात गावपळण लागली.

ज्याला माहीत नाही त्याला खोटं वाटेल. खाजणगावात तीन-चार वर्षांनी एकदा देव कौल देतो आणि सगळा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, बाळंतिणी, खाटेवरचे म्हातारे, सगळे. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, गवताच्या झोपड्या घालून तीन दिवस, तीन रात्री राहायचं. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणसाचा शब्द उमटत नाही. गाव तेवढे दिवस देवाचा. चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजता गुरव आणि पाच मानकरी तेवढे देवळात जातात आणि परत यायचा कौल मागतात. देव होय म्हणाला की ढोल वाजतो आणि गाव घरी. मधे कोणी वेस ओलांडली तर सगळ्यांचे तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून.

आणि देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान दत्तारामाच्या घराण्याचा.

शनिवारी सामान बांधताना किशोरीने कागदांची प्लास्टिकची फाईल दप्तरात टाकली. सुभद्रेने बघितलं.

"गो, ता खंय घेवन चललंस?"

"ऱ्हवांदे माज्यासोबत."

"मागच्या पळणीक शेजाऱ्यांची झोपडी जळली ती इसारलंस? गवताची झोपडी, भायर तीन दगडांची चूल, पहाटे दव. घरात लोखंडाची ट्रंक आसा, कुलूप आसा. आजून काय तिजोरी व्हयी तुका?"

किशोरीने फाईल बाहेर काढली. थोड्या वेळाने परत आत टाकली. मग दत्ताराम ओसरीवरून आत आला आणि बोटांवर हिशेब करायला लागला.

"आयतार, सोमार, मंगळार. बुधवारी दुपारी आपण घरात. तुजी मुलाखत गुरवारी. आख्खी संध्याकाळ गावता तुका."

"आणि बुधवारी कौल नाय झालो तर?"

दत्ताराम हसला. "बारा वर्षां मी गाऱ्हाणा घालतंय. एकदा सुदीक देवान थांबवल्यान नाय."

त्यात खोटं काही नव्हतं. किशोरीने विचार केला, झोपडीला आग लागू शकते, दव पडू शकतं, शेजारची वासरं कागद खाऊ शकतात. आणि कौल कधीच अडलेला नाही. हिशेब ट्रंकेच्या बाजूने लागत होता. तिने फाईल ट्रंकेत ठेवली. दत्तारामाने कुलूप लावलं आणि चावी कमरेच्या करगोट्याला बांधली.

पहिले तीन दिवस मजेत गेले, हे पण सांगायला पाहिजे. गावपळण म्हणजे पोरांची चैन. ज्या दोन घरांत बोलणं बंद असतं त्यांच्या झोपड्या लागून येतात आणि मिठासाठी तोंड उघडावं लागतं. किशोरी काजूच्या झाडाखाली बीजगणित करत बसायची. सारिका बाई मालवणच्या, त्या फोनवर मुलाखतीची तयारी करून घ्यायच्या.

"तुला प्राण्यांचीच डॉक्टर का व्हायचंय?"

"कारण माका… मला…"

"थांबू नकोस. बोल."

"बाई, 'माका' म्हटलं तर मार्क कापतील?"

"कापणार नाहीत. पण तू तिथे अडकलीस तर तेवढा वेळ जाईल."

बाजूच्या झोपडीतला सुशांत, रिक्षा चालवतो तो, हे सगळं ऐकायचा.

"डाक्टरीण बाय, माज्या कोंबड्याक ताप इलोहा, बगशात काय?"

"रस्स्यात घाल तेका. ताप उतारतलो."

"फी किती?"

"एक तंगडी."

अशी पोर. तोंडात तयार.

बुधवार उजाडला. सुभद्रेने सकाळीच भांडी घासून गोणपाटात भरली. सगळ्यांचीच बांधाबांध. बारा वाजायला आले तसा दत्तारामाने पांढरा शर्ट घातला, उपरणं घेतलं. देवळाची वाट त्यांच्या घरावरून जाते. किशोरीला ते माहीत होतं, दत्तारामाला माहीत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "समजा कौल नाय झालो. घर वाटेरच आसा. येताना नुसतो हात घालून…"

दत्ताराम शर्टाची गुंडी लावत होता. ती लागत नव्हती.

"मी देवाच्या कामाक जातंय गो."

"माका म्हायत आसा."

"मगे?"

तिने पुढे होऊन गुंडी लावून दिली. दत्तारामासकट पाच मानकरी आणि भिकाजी गुरव वेशीवरून आत उतरले. मागे सगळा गाव उभा. ढोल कधी वाजतो म्हणून कान तिकडे.

बारा वाजले. सव्वाबारा. पोरं किंचाळत होती ती बायांनी गप्प केली. साडेबारा. एक म्हातारा म्हणाला, "भिकाजीचा घड्याळ मागे आसतला." कोणी हसलं नाही. एक वाजून गेला तेव्हा माणसं परत येताना दिसली. ढोल खांद्याला तसाच.

भिकाजी देवाच्या पाषाणावर पाण्याने पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्या दिवशी काहीच पडलं नाही. ना उजवी, ना डावी. तासभर सहा माणसं पाकळ्यांकडे बघत बसली होती.

गावाला सांगायचं काम पण दत्तारामाचंच. तो वेशीच्या दगडापाशी उभा राहिला. घसा खाकरला.

"देवान आजचो दिवस मागून घेतल्यान. उद्या बारा वाजता परत कौल लावतलव."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. जोर नव्हता त्यात.

उद्या बारा वाजता. मुलाखत उद्या दहा वाजता.

किशोरी बापाजवळ गेली. तो पाणी पीत होता.

"घर दिसला?"

"दिसला."

"कवाडापाशी गेलास?"

"पायरेपर्यंत गेलंय." दत्तारामाने तांब्या खाली ठेवला. "हात करगोट्याक गेलो माजो. मगे पाय उचालना. भिकाजी मागे उभो होतो, पण तो काय बोलाक नाय. मीच फिरलंय."

"कित्याक?"

"तुका कसा सांगू? बारा वर्षां लोकांक सांगतंय, देवाच्या वाटेन जावा, उंबरो ओलांडू नकात. माज्या तोंडान."

त्यावर किशोरीला रागवता आलं नाही. ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

मग दत्तारामाने जे त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. मानकऱ्यांना काजूखाली बसवलं आणि स्वतःच्या घरासाठी सवलत मागितली. पोरीचं सगळं सांगितलं, पुणे, दोन वर्षं, चार जागा. म्हणाला, मी जात नाही, तुम्ही सांगाल तो एक माणूस जाऊ दे, आला की देवाची माफी मागू, लागेल तो दंड भरतो.

कोणी त्याला हाकलून लावलं नाही. सगळ्यांना वाईटच वाटलं. त्यामुळे तर काहीच करता येईना.

भिकाजी म्हणाला, "दत्ताराम, मागच्या पळणीक माज्या आवशीच्यो बिपीच्यो गोळ्यो घरात ऱ्हवल्यो. मी गेलंय काय आत? मालवणाक जावन नवीन हाडलंय."

किशोरी मागे उभी होती. बायकापोरांनी तिथे बोलायचं नसतं. ती बोलली.

"काका, कागद गावतत काय मालवणाक?"

भिकाजीने मान खाली घातली. "नाय गो, बाय."

"मगे आज परत कौल लावा. पाचाक लावा."

"एका दिसात दोनदा इचारूचा नसता. देव काय कस्टमर केअर आसा?"

तो विनोद करायला गेला नव्हता. तसंच तोंडातून आलं. दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले.

सारिका बाईंनी संस्थेला फोन लावले. तीनदा. एक दिवस पुढे ढकला. नाही. फोटो पाठवतो. फोटो चालत नाहीत. जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नववीचं गुणपत्रक, सगळं मूळ. निदान गुणपत्रकाची दुसरी प्रत आणायला सुशांत रिक्षा काढून शाळेत जाऊन येतो म्हणाला, पण शाळा पण वेशीच्या आतच. मास्तर पण सड्यावर, शिपाई पण सड्यावर. सगळा गावच बाहेर, विचारायचं कोणाला?

चार वाजता किशोरी एकटी वेशीवर गेली. दगडापासून त्यांच्या घराची कौलं दिसतात. तिने पावलं मोजली. नजरेनेच. दोनशे, फार तर अडीचशे. धावत गेली तर पाच मिनिटांत जाऊन परत. वाटेवर कोणी नव्हतं. तिने चपला काढल्या. का काढल्या ते तिलाही सांगता आलं नसतं.

मागच्या झोपडीत तान्हं पोर रडत होतं. संगीतावयनी, आठ दिवसांची बाळंतीण. तिला शेक द्यायला धड आडोसा नव्हता, पाठीला गोणपाट लावून बसली होती. किशोरी आत गेली आणि कोणी बघितलं, तर संगीतावयनीला आणखी तीन दिवस. देव मानते की नाही ते किशोरीला धड माहीत नव्हतं. बाळंतीण मात्र समोर दिसत होती.

"ही घे."

दत्ताराम मागे येऊन उभा होता. हातात चावी. करगोट्याचा दोरा तोडलेला.

"मी तुका अडवूचंय नाय. मी बगलंय नाय असा समज."

किशोरीने चावीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुमच्यान झाला नाय ता माज्यार कित्याक टाकतास?"

त्याचा हात तसाच पुढे. पन्नाशीचा माणूस, गावाच्या पुढे उभा राहून बोलणारा, आणि पोरीसमोर चावी धरून उभा. तिने त्याची बोटं मिटली, चावी आत ठेवून.

"चला. आये चाय करता."

गुरुवारी सकाळी सारिका बाई स्कूटर घेऊन सड्यावर आल्या. दत्तारामाला बाराला देवळात जायचं होतं, तो येऊ शकत नव्हता. तो फॉर्म भरताना मालवणच्या दुकानात काढलेल्या झेरॉक्स बाईंकडे होत्या. त्या घेऊन दोघी ओरोसला गेल्या. बाकी अकरा पोरं आईबापांसकट बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर फाईल.

टेबलावरच्या बाईने झेरॉक्स चाळल्या. "मूळ कुठे आहेत?"

"गावात," किशोरी म्हणाली.

"मग घेऊन ये ना. अजून वेळ आहे."

"गावात जाता येत नाही."

"का? पूल तुटलाय?"

"नाही. अजून कौल झाला नाही."

बाईने सारिका बाईंकडे बघितलं, पोरगी बरी आहे ना अशा नजरेने. सारिका बाईंनी समजावलं. टेबलावरची बाई वाईट नव्हती. तिने शेवटपर्यंत बसू दिलं, पाणी दिलं. पण आत एक-एक नाव घेत होते, त्यात किशोरीचं नाव घेतलं नाही. अकराव्या पोराचं झालं आणि खुर्च्या उचलायला लागले तेव्हा फोन वाजला. सुभद्रा. मागे ढोल धडाधड वाजत होते.

"झालो गो कौल! बरोबर बाराक! पाकळी लावल्यान आणि उजवी पडली, बसाक सुदीक लागला नाय! गो? आयकतंस मा?"

"आयकतंय."

"तुजा काय झाला?"

किशोरीने फोन सारिका बाईंच्या हातात दिला.

जाताना ती टेबलवाली बाई हळूच म्हणाली, "साहेब उद्या दहापर्यंत इथे आहेत. मग पुण्याला जातात. माझ्या हातात काही नाही, पण वडिलांना घेऊन ये."

तेवढ्यावर घरात सगळे जागे झाले. शुक्रवारी पहिल्या एसटीने बापलेक निघाले. दत्तारामाने देवळाचा तोच पांढरा शर्ट घातलेला. फाईल स्वतःच्या मांडीवर, दोन्ही हात वर. सगळी वाट तो ओठ हलवत होता. शुद्ध बोलायचं ते पाठ करत होता.

साहेब बॅग भरत होते. तरी बसवलं. कागद एक-एक करून बघितले.

"सगळं अगदी व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "मार्क पण छान. काल का नाही आणलं?"

"साहेब, आमच्याकडे गावपळण होती." दत्ताराम उभाच राहिला, गाऱ्हाण्याला राहतो तसा.

"म्हणजे काय?"

दत्तारामाने सांगितलं. सगळं. कौल, वेस, झोपड्या, तीन दिवस, चौथा दिवस. साहेबांनी बॅग बाजूला ठेवली. पुढे वाकले.

"म्हणजे अख्ख्या गावात एकही माणूस नाही?"

"नाही साहेब."

"चोऱ्या?"

"कधीच नाही."

"कुत्रीमांजरं पण बाहेर? कमाल आहे! मी पंधरा वर्षं जिल्ह्याजिल्ह्यांत फिरतोय, हे कधी ऐकलं नाही." त्यांनी आतल्या माणसाला हाक मारली, "अहो, हे ऐका जरा." दत्तारामाने परत पहिल्यापासून सांगितलं. त्याचा चेहरा उजळत चालला होता. त्याला वाटलं, पटलं. एवढं कान देऊन ऐकतायत म्हणजे पटलंच.

"मग साहेब, पोरीचं…"

साहेबांचा चेहरा उतरला. खोटा नाही, खराच उतरला. "यादी काल संध्याकाळी गेली हो. चार नावं. माझ्या हातात असतं तर…"

"पुढच्या वर्षी, सर?" किशोरीने विचारलं. मुलाखतीतलं तिचं वाक्य म्हणायचं तर हे एवढंच.

"पुढच्या वर्षी तू अकरावीत असशील. आमचं फक्त दहावीच्या मुलांसाठी असतं." मग दत्तारामाकडे वळून, "पण पुढची गावपळण कधी? मला नक्की कळवा. घरच्यांना घेऊन येतो बघायला."

दत्तारामाने नंबर सांगितला. दुसरं काय करणार? किशोरी टेबलाच्या या बाजूने बघत होती. साहेबांनी नाव टाकलं, 'दत्ताराम गावपळण'.

बाहेर एसटीची वाट बघत दोघं बसली. दत्तारामाने दोन वडापाव घेतले, एक तिच्या हातात दिला, दुसरा कागदात तसाच. तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता. गाड्या येत होत्या, जात होत्या, पोरं कॉलेजला चाललेली, पाठीवर बॅगा.

"नर्सिंगाचा आवस म्हणता ता कसा?" तो म्हणाला.

किशोरी खात होती.

"नायतर काकाक फोन करूया. कोल्हापुरात कोण वळखीचो आसलो तर." मग म्हणाला, "नायतर सोमारी भिकाजीक सांगान कौल लावूया. फुडे काय करूचा ता देवाकच इचारूया. काय?"

त्याला खरंच वाटत होतं तसं. त्याच्याकडे विचारायची दुसरी जागाच नव्हती. किशोरीला हसू आलं, मग घास घशात अडकला, मग डोळ्यांतून पाणी. दत्ताराम घाबरून पाठ थोपटायला लागला, पाणी आणायला धावला, बाटली घेऊन आला.

"तुमी इचारा, बाबा," पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली. "माका सोमारी बीजगणिताचो पेपर आसा."